पानात काय टाकलंस?

सुगुणाअक्का कधी कुणाला ‘घाबरू नका’ म्हणाल्या नाहीत. हॉस्पिटलात हे सगळेच म्हणतात. लिफ्टवाला म्हणतो, रक्त काढणारी पोरगी म्हणते, डॉक्टर मॅडमसुद्धा म्हणतात. अक्का म्हणायच्या, “दुखणार. तीन म्हणेपर्यंत दुखणार, मग नाही.” आणि सुई घालताना हळू आवाजात कन्नडमध्ये मोजायच्या, ओंदु, एरडु, मूरु. मूरु झालं की खरंच थांबायचं.

आमची रेणू तेव्हा दहा वर्षांची होती. त्या दिवशी तिच्या दोन्ही हातांवर चार ठिकाणी टोचून झालं होतं आणि नस सापडत नव्हती. रडून रडून तिने हात काखेत दडवले होते. पाचव्या वेळी आल्या त्या अक्का, तिथल्या जुन्या सिस्टर. बुटक्या, जाडजूड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कपाळावर कुंकवाचं एवढंसं टिपूस, आणि मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही आतल्या बाजूला वळवलेलं. त्यांनी सुई हातात घेतलीच नाही. रेणूचा हात घेतला, गरम पाण्याची पिशवी त्यावर ठेवली आणि तिच्या शाळेतल्या बाईंच्या चुगल्या ऐकत बसल्या. दहा मिनिटांनी म्हणाल्या, “बा पुट्टी, ये गं छोटे, आता तुझी नस पण आपलं बोलणं ऐकायला वर आली बघ.”

नंतर मला म्हणाल्या, “ताई, दुखणार नाही असं सांगितलं की पोर एकदाच हात देतं. मला तर हिचा हात वर्षानुवर्षं लागणार आहे.”

वर्षानुवर्षं. आमच्यापुढे काय वाढून ठेवलंय, ते मला त्या शब्दाने पहिल्यांदा कळलं.

मी चंदगडकडची. सातवीत शाळा सोडली, अठराव्या वर्षी लग्न झालं, आणि रेणूचे बाबा टेम्पो चालवायला बेंगळूरला आले म्हणून मागोमाग आले. आम्ही के. आर. पुरमला राहतो. महादेवपुरात तीन घरी मी स्वयंपाक करते. पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली मंडळी आहेत, त्यांना घरच्यासारखी चपाती लागते. रेणू नऊ वर्षांची असताना वाळत चालली. पोटात कळा, दिवसातून सात-आठदा जुलाब, मग रक्त. वर्षभर आम्ही जंतांची औषधं दिली, उष्णता म्हणून सब्जा दिला, दृष्ट काढली. शेवटी या हॉस्पिटलात कळलं, क्रोन्स. आतड्याला सूज येते, जखमा होतात. अंगातलीच फौज चुकून आपल्याच आतड्यावर चालून जाते, असं मॅडमनी सांगितलं. औषध म्हणजे दर आठ आठवड्यांनी सलाईनमधून देतात ते बायोलॉजिक. एका ट्रस्टने त्याचा भार उचलला. त्या लोकांची तोंडंसुद्धा मी पाहिलेली नाहीत, पण दिवा लावताना रोज त्यांना हात जोडते. अट एवढीच, औषध याच हॉस्पिटलात घ्यायचं. म्हणजे गाव सोडाच, दुसरं शहरसुद्धा आम्हाला बंद झालं.

पण औषधाने पोर उभी राहिली. चार महिन्यांत गालावर मांस आलं. हे मी विसरले तर मला नरकातसुद्धा जागा मिळायची नाही.

तिसऱ्या मजल्यावर अक्कांची खोली होती. सहा मागे कलणाऱ्या खुर्च्या, न उघडणारी काचेची खिडकी आणि एक फ्रिज. त्या फ्रिजला त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्यांचे नियम होते. पोर खुर्चीत बसून, वजन-ताप बघून झाल्याशिवाय औषधाची बाटली फोडायची नाही, कारण एकदा कालवलं की ते ठेवता येत नाही. आणि कालवताना हलवायचं नाही. बाटली दोन तळव्यांत धरून अशी हळूहळू फिरवायच्या, की बघणाऱ्याला पेंग यावी. एकदा नवीन आलेल्या सिस्टरने घाईत बाटली खळाखळा हलवली. अक्का ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “अम्मा, ताक करायचंय काय? मग मीठ आण, कढीपत्ता आण.” बिचारी पोरगी आठवडाभर अक्कांना बघितलं की हात मागे घ्यायची.

त्यांचं मराठी मला सुरुवातीला कळायचं नाही. त्यांचं घर राजाजीनगरला, पण माणसं मूळची आपली. बारा पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर खाली आलेली. “आमच्या लोकांना सांगितलं, जा, थोडे दिवस मुक्काम करा,” त्या सांगायच्या. “परत या म्हणून हुकूम यायचा राहिला. आम्ही अजून वाट बघतो.” त्यांच्या बोलण्यात ‘स्वल्प थांब’ म्हणजे जरा थांब, ‘सरी’ म्हणजे बरं, ‘गोत्ताय्तु’ म्हणजे कळलं, असं काय काय यायचं, आणि मधेच एखादा शब्द असा जुना यायचा, की माझ्या आजीशिवाय कुणाच्या तोंडी मी ऐकला नव्हता. मला त्या ‘चंदगड’ म्हणूनच हाक मारायच्या सहा महिने. “चंदगड, पाणी पी. तू पडलीस तर खुर्ची नाही माझ्याकडे रिकामी.”

आणि बारा वाजून तीस मिनिटांनी, जग इकडचं तिकडे होवो, त्या खिडकीपाशी उभ्या राहून दहीभात खायच्या. बसून कधी नाही. घरी एक थोरला भाऊ होता. जन्मापासून लहान मुलासारखा. संध्याकाळी साडेपाचला अक्का दारात दिसल्या नाहीत तर तो रस्त्यावर येऊन उभा राहायचा. त्यामुळे अक्कांनी लग्न केलं नाही, बदली घेतली नाही, मैसूरच्या पलीकडचं काही पाहिलं नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही रक्तदाब मोजता मोजता, जसा काही दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट वाचावा.

अक्का पोरांना ‘पोट दुखतं का’ असं कधी विचारायच्या नाहीत. विचारायच्या, “काल पानात काय टाकलंस?” त्यांचं म्हणणं, मूल दुखणं लपवतं, पण नको असलेला घास कुठे लपवणार. “डॉक्टर पोटावर हात ठेवून बघतात,” त्या म्हणायच्या. “मी ताट बघते. ताट आधी बोलतं.”

शौचाची तपासणी असायची दर काही महिन्यांनी. आतड्याला आतून सूज आहे का, ते त्यात कळतं. नमुना घरून डबीत आणायचा. मी स्वयंपाकी बाई, मला बाकी काही सुचेना. ती डबी पिशवीत, पिशवी डब्यात, आणि डबा माझ्या नेहमीच्या जेवणाच्या थैलीत घालून मेट्रोने निघाले. आमच्या स्टेशनात शिरतानाच अडवलं. तिथे तपासणीला थैली उघडायला लावली. तपासणीवाली बाई विचारते, “एन इदे?” काय आहे. मला तेव्हा कन्नडचे चार शब्द येत होते. त्यातला एक म्हटलं, “ऊटा.” जेवण. तिने डबा उघडायला सांगितला. रेणू तर लाजेने खांबाआड गेली. मी हा प्रकार अक्कांना सांगितला तेव्हा त्या खुर्चीच्या दांडीला धरून हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांनी कागदावर कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात काहीतरी लिहून दिलं, खाली हॉस्पिटलचा शिक्का मारला. पुढच्या वेळी ते दाखवलं तर ती बाई दोन पावलं मागे सरून म्हणाली, होगी, होगी. जा, जा. काय लिहिलं होतं ते अक्कांनी कधी सांगितलं नाही.

अशी अडीच वर्षं गेली. दुर्बिणीने तपासलं, आतडं स्वच्छ. मॅडम म्हणाल्या, रेमिशन. म्हणजे आजार झोपलाय.

“मेला नाही ना?” मी विचारलं.

“नाही. झोपलाय.”

मग त्यांनी ते सांगितलं, ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं नवस बोलत होते. औषध थांबवायचा विचार आता करता येईल. काही मुलं त्यानंतर वर्षानुवर्षं चांगली राहतात. काहींचा आजार परत उठतो. रेणू कुठल्या मुलांत आहे, हे आधी सांगता येत नाही. परत उठला तर हेच औषध पुन्हा चालेलच असं नाही, कारण मधे खंड पडला की शरीर औषधालाच शत्रू समजू शकतं. आणि थांबवलं नाही, तर जंतुसंसर्गाची जोखीम आहेच, खुर्ची आहेच. पुढच्या दोन महिन्यांत नीट लक्ष ठेवा, जेवण, वजन, पोट, सगळ्याची नोंद ठेवा, तपासण्या करू, मग बसून ठरवू.

घरी आल्यावर रेणूच्या बाबांनी गावी फोन लावला. धाकट्या दिराने काजूचा छोटा कारखाना घातला होता, दादा ये म्हणून केव्हाचा मागे लागला होता. हे म्हणाले, “मे महिन्यात येतो.” मी म्हटलं, अजून ठरलं नाही. तर म्हणाले, “तुला सुई बंद व्हायला नको काय?” रेणू तर नाचलीच. आजीकडे राहायचं, तिथल्या शाळेत जायचं, कबड्डीच्या संघात जायचं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या सुईच्या तारखेवर काट मारून टाकली.

मला इकडे आड तिकडे विहीर. बंद केलं आणि परत आला तर मी आईच्या जातीला कलंक. चालू ठेवलं आणि उद्या दुसरंच काही झालं तर पोर विचारणार, झोपला होता तर उठवला कशाला. मी अक्कांना गाठलं. एकदा नाही, तीनदा. त्या दरवेळी म्हणायच्या, “ते मॅडम सांगतील. माझं खातं सुईचं.” चौथ्या वेळी मी पदर धरला. तेव्हा त्या खिडकीपाशी दहीभात खात होत्या. डबा खाली ठेवला.

“दोन मुलं,” म्हणाल्या. “दोघंही माझ्या हातची. एकाचं औषध थांबवलं, तो आता कॉलेजात आहे, दिवाळीला फोटो पाठवतो. दुसऱ्याचं थांबवलं, सात महिन्यांत परत आला. पुन्हा लावलं तर अर्ध्या बाटलीत त्याचं तोंड लाल झालं, श्वास अडकला. मी धावले. वाचला, पण ते औषध गेलं, दुसरं शोधावं लागलं. दोघांच्या आयांनी मला हेच विचारलं होतं, इथेच उभ्या राहून. मी एकीला जे सांगितलं असतं ना चंदगड, तेच दुसरीला सांगितलं असतं.” मग डबा उचलून म्हणाल्या, “म्हणून सांगत नाही. तू नोंद नीट ठेव. तेवढं आपल्या हातात आहे.”

नोंदीची वही त्यांनीच करून दिली. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, लिहायचं म्हटलं की माझ्या हाताला घाम येतो. हे त्यांनी न सांगता ओळखलं. म्हणाल्या, “लिहू नको. रोज तीन गोल काढ. तीन वेळचं पान. पूर्ण जेवली तर पूर्ण गोल. टाकलं तर तेवढा तुकडा गोलातून खोड.”

मी रोज गोल काढले. पण खरं सांगते, ते जेवण माझ्या डोळ्यांसमोर कुठे व्हायचं? सकाळी सहाला मी घर सोडते. नाश्ता झाकून ठेवलेला, दुपारचा डबा शाळेत, आणि संध्याकाळी मी दुसऱ्यांच्या पोरांना गरम वाढत असते. मी परत आल्यावर डबा बघायचे. रिकामा. झाकलेलं ताट, रिकामं. मी गोल काढायचे. तीनही पूर्ण. भांडं रिकामं म्हणजे पोट भरलं, आम्हा स्वयंपाक करणाऱ्यांचा हिशोब तेवढाच असतो.

ठरवायचा दिवस आला. आधी सुई, मग दुपारी मॅडमसमोर बसायचं, असं होतं. रेणूचे बाबाही रजा टाकून आले होते, खाली चहा प्यायला गेले होते. अक्कांनी वजन केलं. होतं तेवढंच होतं. ताप नाही. मग वही उघडली. एक पान उलटलं, दुसरं, तिसरं. पुढे गेल्या, मागे आल्या.

“चंदगड,” म्हणाल्या, “हात चांगला आहे तुझा. सगळे गोल चपातीसारखे, एकाला एक.”

मला वाटलं कौतुक. मी हसले.

त्या हसल्या नाहीत. “दोन महिने कुठलं मूल असं एकसारखं जेवतं? माझ्या भावाचं पान काढलं तर एकही गोल सरळ येणार नाही.” आणि माझ्याकडे न बघता रेणूसमोर स्टूल ओढून बसल्या. “पुट्टी, डबा कोण खातं?”

“मीच.”

“सरी. काल काय होतं डब्यात?”

रेणू माझ्याकडे बघायला लागली. काल भेंडी होती. तिला सांगता येईना.

अक्का थांबल्या. त्यांना थांबता यायचं. शेजारच्या खुर्चीवरचं मशीन टिकटिक करत होतं. मग रेणूने सांगितलं, खाली मान घालून. महिनाभर दुपारचा डबा ती मैत्रिणीला द्यायची. खाल्लं की तासाभराने बेंबीखाली दुखायचं. सकाळचं पोहे-उपीट गॅलरीतल्या कबुतरांना. रात्रीचं तेवढं थोडं थोडं करून संपवायची, मी यायच्या आत.

“का नाही सांगितलंस गं?” मी म्हटलं.

“सांगितलं असतं तर औषध बंद झालं असतं का?” ती म्हणाली. रडली नाही. तेच जास्त लागलं.

अक्का म्हणाल्या, “मॅडमना कोण सांगणार, तू की मी?”

“कुणीच नको. प्लीज, आंटी. मला गावी जायचंय.”

“मला कळतं. पण मी नाही सांगितलं तरी तुझं आतडं सांगणार. आणि ते सांगेल तेव्हा तू गावी असशील, आणि तुझ्यापाशी औषध नसेल.” मग घड्याळ बघून म्हणाल्या, “मी साडेबारापर्यंत गप्प बसते. तोवर तू ठरव.”

त्या दिवशी त्यांनी दहीभात खाल्ला नाही. साडेबाराला रेणू माझ्याबरोबर मॅडमकडे गेली आणि तिने स्वतः सांगितलं. अक्का दारापर्यंतसुद्धा आल्या नाहीत.

तपासण्या झाल्या. सूज वाढली होती, रक्तात औषध कमी पडत होतं. थांबवायचं राहूच दे, आठ आठवड्यांचे सहा झाले. मॅडम म्हणाल्या, थांबवायच्या आधी कळलं हे फार बरं झालं. त्या खरंच बोलत होत्या आणि मी हात जोडले. रेणूच्या बाबांनी जिन्यात उभं राहून दिराला फोन केला. “मे महिन्यात नाही जमत,” एवढंच म्हणाले आणि मोबाईल खिशात ठेवायचा सोडून हातात धरून उभेच राहिले.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तो डबा इतका चाटूनपुसून कधीच यायचा नाही. रेणू लहानपणापासून भाजीतली मोहरी कडेला काढणारी पोर. रिकाम्या डब्यात मोहरीचा एक दाणा नाही, हे मी रोज बघत होते, आणि गोल काढत होते. अक्कांना हे नक्की कळलं होतं. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. वही मात्र त्यांनी परत दिली नाही. नवी दिली, आणि म्हणाल्या, “आता गोल तिला काढू दे. वाकडे आले तरी चालतील.”

रेणूने त्यानंतर अक्कांशी बोलणं टाकलं. सहा आठवड्यांनी यायचं, हात पुढे करायचा, भिंतीकडे बघायचं. अक्का पूर्वीसारखंच शाळेचं विचारायच्या, उत्तर आलं नाही तर स्वतःच द्यायच्या. “गणिताच्या बाई तशाच काय? असणार. बदलत नाहीत ती माणसं.” पोरीचा ओठ हलायचा, पण ती हसू गिळायची.

वर्ष गेलं. एक दिवस अक्का म्हणाल्या, आज शेवटचा. वय झालं होतं, वर्षावर्षाने वाढवून मिळत होतं तेही संपलं. भावालाही आता घरी एकटं ठेवता येत नव्हतं. सिस्टर मंडळींनी केक आणला होता, तो त्यांनी सगळ्या पोरांच्या आयांना वाटला, पोरांना नाही, कारण कुणाला काय चालतं ते त्यांच्या तोंडपाठ होतं. रेणूला सुई त्यांनीच लावली. लावून झाल्यावर तिचा हात लगेच सोडला नाही.

“पुट्टी, माझं आज थांबलं,” म्हणाल्या. “तुझं थांबलं नाही. हे बरोबर नाही. मला माहीत आहे.”

रेणूने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. अक्का उठल्या, साडी सारखी केली, सगळ्यांना नमस्कार करून गेल्या. मला वाटलं, गेल्या.

तासाभराने मी पाणी भरायला बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये नातेवाइकांचा लोखंडी बाक आहे, त्यावर अक्का बसल्या होत्या. घरच्या साडीत, पर्स मांडीवर, मधोमध, दोन्हीकडे दुसऱ्यांच्या पिशव्या. मी नळाआडच थांबले. नवीन गार्ड होता, त्याने त्यांना ओळखलं नाही. येऊन विचारलं, “यारू पेशंट?” म्हणजे तुमचं पेशंट कोण.

“नम्म हुडुगी,” अक्का म्हणाल्या. आमची मुलगी. “ओळगे इद्दाळे.” आत आहे.

त्याने विचारलं, किती वेळ लागेल. इतकी वर्षं ज्या बाईचा मिनिटाचाही अंदाज कधी चुकला नाही, त्या म्हणाल्या, माहीत नाही. आणि पर्स घट्ट धरून, आम्ही सगळ्या बसतो तशा, दाराकडे बघत बसून राहिल्या.